हायब्रिड गाडी: पाय सोडायचा, सुई मधे धरायची, की सरळ न्यूट्रल?

सावकाश | ४ मे, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

सात महिन्यांपूर्वी स्ट्रॉंग हायब्रिड घेतली, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्हींवर चालणारी. दीड लिटर, तीन सिलिंडर. मॉडेल मुद्दाम सांगत नाही, नाहीतर पहिले तीस प्रतिसाद 'त्यापेक्षा अमुक घ्यायची होतीत' यातच जातील. राहायला बाणेर. टाकी फुल ते टाकी फुल असा हिशोब वहीत लिहून ठेवतो आणि मायलेज लिटरला २१ किमीच्या पुढे काही हलत नाही. खालच्या मजल्यावरच्या काकांची तीच गाडी, तेच इंजिन, रंगसुद्धा तोच. ते लिफ्टमध्ये भेटले की २५ सांगतात. न विचारता सांगतात.

काकांचा मंत्र असा: "रेसवरून पाय काढायचा आणि गाडी वाहू द्यायची." मी काढतो पाय. गाडी वाहत नाही. मागून कोणी पदर धरल्यासारखी मंदावते, डॅशबोर्डवरची सुई 'चार्ज'च्या निळ्या पट्ट्यात जाते, मागचा रिक्षावाला हॉर्न मारतो, की मी परत रेस देतो. माझे सासरे मागे बसलेले असले की त्यांचं वेगळंच: "अरे न्यूट्रल टाक, फुकटात जाईल."

तर प्रश्न एक: पेट्रोल नक्की कशात वाचतं? D (ड्राइव्ह) मध्ये पाय पूर्ण सोडून, किंचित रेस ठेवून सुई मधोमध धरून, की N (न्यूट्रल) टाकून?

प्रश्न दोन: गेल्या महिन्यात पाचगणीहून पसरणी घाटाने वाईला उतरत होतो. पाय रेसवर नाही, बॅटरीचे सगळे खण भरलेले, आम्ही खुशीत. आणि निम्म्या घाटात इंजिन एकदम सुरू होऊन असं ओरडायला लागलं की सासऱ्यांच्या मांडीवरची स्ट्रॉबेरीची पेटी हलली. उतारावर, पाय सोडलेला असताना, इंजिन का? ते पेट्रोल खात होतं का?

खटारा_प्रेमी | ४ मे, रात्री १०:२०

न्यूट्रल टाकू नका. का ते सांगायला शास्त्रज्ञ येतीलच, मी फक्त पहिला नंबर लावला.

न्यूट्रल_नाना | ४ मे, रात्री १०:४१

सासरे बरोबर आहेत. बारा वर्षं ऑटोमॅटिक चालवतोय, प्रत्येक उतारावर N. काही झालेलं नाही. गाडीला ओढायला काही नाही म्हटल्यावर ती जास्त लांब जाणारच, हे सातवीतलं विज्ञान आहे.

चाकणवाला | ४ मे, रात्री ११:३५

सातवीच्या पुढचं थोडं सांगतो. पोट याच धंद्यावर आहे, त्यामुळे लांबण लागली तर माफी.

टोयोटा पद्धतीच्या हायब्रिडमध्ये (पहिली प्रियस जपानात १९९७ ला आली, तत्त्व आजही तेच) नेहमीचा गिअरबॉक्स नसतोच. एक प्लॅनेटरी गिअर असतो. मधे सूर्य, भोवती ग्रह, बाहेरून कडं. सूर्याला लहान मोटर-जनरेटर, ग्रहांच्या चौकटीला इंजिन, कड्याच्या बाजूला मोठी मोटर आणि चाकं. ही तिन्ही कायमची एकमेकांत अडकलेली. सुटी करायला क्लच नाही. म्हणून N टाकल्यावर आत काहीही सुटत नाही, दोन्ही मोटरींना मिळणारी वीज तेवढी बंद होते. म्हणजे N मध्ये बॅटरी चार्ज होत नाही. ब्रेक दाबलात तर सगळी ऊर्जा डिस्क तापवण्यात जाते. तेवढ्यात शेजारून ट्रक आत घुसला आणि पुढे सटकायचं असेल, तर आधी D शोधा.

आता पाय सोडल्यावर गाडी मंदावते ती का? इंजिन ओढतं म्हणून नाही, ते तर बंद असतं. साध्या गाडीत रेस सोडली की जी ओढ लागते तिची आपल्याला सवय आहे, म्हणून सॉफ्टवेअर मुद्दाम थोडं चार्जिंग करून तशीच ओढ लावतं. काकांचं 'वाहू द्या' इथे फसतं.

खरं वाहणं हवं असेल तर पाय पूर्ण काढा आणि मग पेडलला नुसता चिकटवा. सुई 'चार्ज' आणि 'इको'च्या सीमेवर येईल. तिथे बॅटरीतून काही जात नाही, येत नाही. इंजिन बंद. गाडी फक्त आधी घेतलेल्या वेगावर चाललेली.

हे चार्जिंगपेक्षा बरं का, तर चाकातली ऊर्जा मोटरमधून, इन्व्हर्टरमधून बॅटरीत जायची आणि त्याच रस्त्याने परत यायची, यात ढोबळमानाने शंभरातले साठ-सत्तर हातात पडतात. प्रत्येक टप्प्यावर दलाल. वाहू दिलं तर मधे दलालच नाही. पण पुढे सिग्नल लाल आहे, थांबायचंच आहे, तर दलाल परवडला, कारण ब्रेकच्या डिस्क शंभरच्या शंभर खातात. हलका ब्रेक दाबला तरी आधी मोटरच गाडी अडवते. डिस्क कामाला लागतात त्या जोरात दाबल्यावर आणि अगदी थांबता थांबता. म्हणून लांबून, हलका ब्रेक.

घाटाचं उद्या. झोपतो.

खटारा_प्रेमी | ४ मे, रात्री ११:४४

म्हटलं नव्हतं, येतील म्हणून?

पद्मिनीवाले | ५ मे, सकाळी ७:०५

सासऱ्यांना हसू नका हो. त्यांच्या काळात ते शहाणपणच होतं. आमच्या वडिलांची प्रीमियर पद्मिनी होती. खंडाळ्याला चहा झाला की बाबा गाडी जुन्या रस्त्याला लावायचे, राजमाची पॉइंट मागे पडला की न्यूट्रल, आणि वर किल्ली बंद! पुढे खोपोलीपर्यंत आवाज फक्त वाऱ्याचा आणि आईच्या 'राम राम राम'चा. खाली पोचेपर्यंत ब्रेक लायनरचा असा वास यायचा की आम्ही पोरं नाकाला रुमाल लावून बसायचो. बाबा म्हणायचे, "अर्धा लिटर वाचलं." लायनर बदलायला किती गेले ते कधी सांगितलं नाही.

कार्बोरेटर होता. उतारावर पाय सोडला तरी इंजिन थोडं पेट्रोल ओढतच राहायचं, म्हणून किल्ली बंद करण्यात त्यांना अर्थ दिसायचा. स्टिअरिंग लॉक झालं असतं तर काय, हा विचार मला स्वतःची मुलं झाल्यावर आला आणि अंगावर काटा आला.

चाकणवाला | ५ मे, सकाळी ९:१८

बरोबर, कार्बोरेटरच्या काळात त्या हिशोबाला आधार होता. इंजेक्शनच्या साध्या गाडीत नेमकं उलटं आहे. गिअरमध्ये ठेवून पाय सोडला की इंजेक्टर पेट्रोल पूर्ण तोडतात, चाकंच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रल टाकलं की इंजिनला स्वतःच्या जिवावर जागं राहायला पेट्रोल लागतं. म्हणजे नानांनी बारा वर्षं प्रत्येक घाटात पेट्रोल जाळत उतरून दाखवलंय.

न्यूट्रल_नाना | ५ मे, सकाळी ९:४०

जाळलं असेल, पण गाडी जास्त लांब गेली त्याचं काय? सपाटीवर हलका उतार असेल तर गिअरमधली ओढ वेग मारते, मग परत रेस द्यावी लागते. दोन्ही बाजू मोजा की.

चाकणवाला | ५ मे, सकाळी १०:०२

हा मुद्दा मान्य. साध्या गाडीत हलक्या उतारावर तुमचा हिशोब जमूही शकतो. घाटात नाही. आणि हायब्रिडमध्ये तर कुठेच नाही, कारण तिथे N शिवायच, पायाच्या अंगठ्याने तेच साधतं.

कुंभार्लीचा_वारा | ५ मे, दुपारी १:२६

माझे वडील एसटीत होते, चिपळूण डेपो. कऱ्हाड फेरी असली की कुंभार्ली घाट ठरलेला. ते कायम सांगायचे, "ज्या गिअरात चढवलीस त्याच गिअरात उतरव. न्यूट्रल टाकणारा ड्रायव्हर पेन्शनला पोचत नाही."

आणि डिझेल वाचवणं एसटीवाल्यांना कोणी शिकवायला नको. तिकडे मायलेज लिटरला नाही, दहा लिटरला मोजतात, केपीटीएल म्हणतात. कुणाचं केपीटीएल किती याची डेपोत चर्चा असायची. बाबांचं चांगलं असायचं. त्यांची युक्ती एवढीच, की पुढच्या थांब्यावर माणूस हात करतोय की नाही हे ते लांबूनच बघायचे आणि ब्रेकला पाय न लावता गाडी त्याच्यासमोर नेऊन उभी करायचे. जवळजवळ. शेवटची चार पावलं माणूस पळायचाच.

मधुमालती | ५ मे, दुपारी ३:५०

आमच्याकडे उलटा किस्सा. नवऱ्याने कुठेतरी व्हिडिओ बघितला, जोरात वेग घ्या, मग सोडून द्या, परत घ्या, परत सोडा. पुणे ते सातारा असं केलं. खंबाटकीच्या आधी मुलीला उलटी, नंतर मला. मायलेज वाढलं म्हणे दोनने. त्या दोनात गाडी धुवायचं बसवा.

माझ्या हातात गाडी असली की त्याच्यापेक्षा जास्त मिळतं, आणि मला ते सुईबिई काही कळत नाही. मी दर रविवारी आईकडे हडपसरला ताकाची बरणी आणि आमटीचा डबा घेऊन जाते, शेजारच्या सीटवर. सांडायला नको म्हणून सिग्नल लांबून दिसला की पाय सैल, निघताना अलगद. एवढंच. तो सुई बघून चालवतो, मी बरणी बघून.

खटारा_प्रेमी | ५ मे, दुपारी ३:५८

आता कंपन्यांनी डॅशबोर्डवर सुईच्या जागी ताकाची बरणी द्यावी.

निगडी_ते_निगडी | ५ मे, संध्याकाळी ६:३०

मॅडम, हडपसर रविवारी सकाळी. तुम्ही तीच बरणी घेऊन सोमवारी सहा वाजता हिंजवडीतून बाहेर पडून दाखवा. पुढे दोन गाड्यांची जागा सोडली की ती जागा राहत नाही, ते आमंत्रण होतं. डावीकडून दुचाकी, उजवीकडून रिक्षा, आणि मधून एक जण फोनवर बोलत पायी. वाहायला नदी पाहिजे ना, इथे डबकं आहे.

चाकणवाला | ५ मे, रात्री ८:१५

डबक्यातच हायब्रिडची मजा आहे. रांगत्या ट्रॅफिकमध्ये इंजिन बहुतेक बंद असतं. तिथे वाहण्याचा विचारच सोडा, नुसतं पुढच्याच्या मागे हळू सरका. दोन मीटरसाठी रेस देऊन परत ब्रेक, हे तेवढं टाळा. लोक आत घुसले तर घुसू द्या, दहा घुसले तरी घरी पोचायला मिनिटभर उशीर होतो.

आता घाट. आकडे ढोबळ आहेत, मूळ कल्पना पकडा.

पाचगणी साधारण १,२९० मीटर उंचीवर, वाई ७१५ च्या आसपास. फरक पावणेसहाशे मीटर. गाडी, चार माणसं, स्ट्रॉबेरी मिळून १,५५० किलो धरू. १,५५० × ९.८ × ५७५ केलं की सुमारे ८७ लाख ज्यूल, म्हणजे २.४ युनिट. हेच घरच्या मीटरवरचं युनिट. त्यातलं पाऊण युनिटभर हवा आणि टायर खातात. उरलं दीड युनिटाच्या वर, दलाली जाऊनही एकाच्या पुढे.

आणि या वर्गातल्या दीड लिटरच्या हायब्रिडची बॅटरी केवढी? ०.७६ युनिट. तीही पूर्ण वापरू देत नाहीत, आयुष्य टिकावं म्हणून मधलाच पट्टा वापरतात. म्हणजे तांब्यात घागर ओतायची आहे. निम्म्या घाटात तांब्या भरला, पण गाडीला अडवून तर धरायचं आहे. मग लहान मोटर इंजिनला गरागरा फिरवते, पेट्रोल न देता. इंजिन हवा दाबतं, सोडतं, आणि जास्तीची ऊर्जा आवाजात आणि उष्णतेत उडते. तुम्ही ऐकलंत ते हे. पेट्रोल जात नव्हतं, ब्रेक वाचत होते. तात्कालिक मायलेजची पट्टी त्या वेळी टोकाला असणार, पुढच्या वेळी बघा.

गिअरच्या दांड्यावरचं B सुद्धा याचसाठी आहे. ते बॅटरी जास्त भरायचं बटण नाही, इंजिनची ओढ आधीपासून लावायचं बटण आहे. लांब, तीव्र घाटात टाका. शहरात टाकून उगाच चार्जिंगचा वाटा घालवू नका.

सावकाश | ५ मे, रात्री ९:०५

वा! म्हणजे पेट्रोल नव्हतं जात. सासऱ्यांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "तांब्या भरला होता तर न्यूट्रल टाकायचं."

पद्मिनीवाले | ५ मे, रात्री ९:११

सासऱ्यांचा आयडी काढून द्या इथे.

मांडवीकाठ | ५ मे, रात्री १०:३०

माझी इनोव्हा हायक्रॉस हायब्रिड आहे, पणजी ते बेळगाव महिन्यातून दोनदा, चोर्ला घाटाने. चाकणवाले, तुमचा तांब्या वाचून एक युक्ती सांगाविशी वाटली. घाट उतरायच्या आधी तांब्या जमेल तेवढा रिकामा करायचा. उतार सुरू व्हायच्या आधीची सपाटी, गाव, चहाची टपरी, तिथे ईव्ही बटण दाबून नुसत्या बॅटरीवर रांगत जायचं, एसी चालूच ठेवायचा. बॅटरी दोन खणांवर आली की मग उतरायचं. इंजिन ओरडायला लागतं ते बरंच खाली.

पावसाळ्यात मात्र हा नाद नाही. चोर्ल्यात जुलैमध्ये धुकं असं असतं की बॉनेट दिसत नाही, रस्त्यावर शेवाळ. तेव्हा सुईकडे बघणारा माणूस मी गाडीत घेत नाही. B टाकायचा आणि समोर बघायचं.

एडिसनची_वहिनी | ६ मे, पहाटे ५:२०

इकडे न्यू जर्सीत आमची दुसऱ्या पिढीची प्रियस होती, २००७ ची. तिच्या पडद्यावर इंजिन, बॅटरी आणि चाकं यांच्यात बाण दिसायचे. सगळे बाण नाहीसे झाले की 'ग्लाइड'. आमचे हे अक्षरशः बाण घालवायला गाडी चालवायचे. त्या गाडीत ताशी ४२ मैल, म्हणजे ६७ किमीच्या खालीच इंजिन पूर्ण थांबू शकायचं, म्हणून हायवे सोडून रूट २७ च्या सिग्नलांमधून ऑफिस! वीस मिनिटं जास्त.

मधुमालतींनी लिहिलंय ते वेग घ्या-सोडून द्या प्रकरण इथूनच पसरलं. २००५ मध्ये पिट्सबर्गला काही जणांनी पाळीपाळीने प्रियस चालवून एका टाकीत जवळजवळ १,४०० मैल काढले, गॅलनला १०९ मैल. आपल्या हिशोबात लिटरला ४६. २००८ च्या उन्हाळ्यात पेट्रोल गॅलनला चार डॉलरच्या वर गेलं तेव्हा तर हे वेड इतकं वाढलं की 'हायपरमाइल' हा शब्द न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीने वर्षाचा शब्द ठरवला.

त्यामागे कारण आहे. पेट्रोल इंजिन अगदी हलक्या ओझ्यावर चालवलं की फार वाया घालवतं, मध्यम ओझ्यावर नीट काम करतं. म्हणून थोडा वेळ नीट काम करून घ्यायचं आणि मग बंद ठेवायचं. पण हायब्रिडचा संगणक हे स्वतःच करतो, माणसाने वरून आणखी करायचं तर रस्ता मोकळा पाहिजे आणि बायको घरी पाहिजे. मी एकदा रूट २७ वर उतरून बसने गेले आहे.

हिशेबनीस | ६ मे, सकाळी ८:४५

सगळं वाचलं. आता पैशाचं बोलू. महिना १,००० किमी धरा. २१ ने ४७.६ लिटर, २४ ने ४१.७ लिटर. फरक सहा लिटरच्या जरा आत. लिटरला एकशे चारचा भाव धरला तर सहाशे वीस रुपये. एवढ्यासाठी तीस दिवस सुईकडे बघायचं? चौघांची एक मिसळ येते त्यात.

निगडी_ते_निगडी | ६ मे, सकाळी ८:५२

सहाशे वीसला चौघांची मिसळ कुठे मिळते तेवढं सांगा, आत्ता निघतो.

खटारा_प्रेमी | ६ मे, सकाळी ८:५५

एक्स्ट्रा पाव आणि ताक धरलं तर नाही मिळत.

कुंभार्लीचा_वारा | ६ मे, सकाळी ९:१०

चिपळूणला मिळते. पेट्रोल टाकून या.

(इथून पुढचे अकरा प्रतिसाद मिसळीच्या धाग्यावर हलवले आहेत. कृपया विषयावर या. – व्यवस्थापन)

उसाचा_फड | ६ मे, दुपारी १२:४०

एक मुद्दा कुणी काढला नाही. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलवालं. इथेनॉलच्या लिटरमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण तिसरा हिस्सा कमी. वीस टक्के मिसळलं की लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी येते. गाडी त्यातलं थोडंफार भरून काढते, सगळं नाही. म्हणजे जुन्या आठवणीतल्या मायलेजशी आजचं ताडून पायाला दोष देऊ नका.

मी सांगलीकडचा, ऊस लावतो, त्यामुळे तक्रार करत नाहीये, हे आधीच सांगतो. तुमचं मायलेज गेलं ते आमच्या बिलात आलं असेल अशी आशा आहे. बिल आलं की कळवतो.

हिशेबनीस | ६ मे, दुपारी १२:५१

शेवटचं वाक्य काळजाला भिडलं.

रातकिडा | ६ मे, रात्री ११:५५

होंडा सिटी ईएचईव्हीवाला, तीही हायब्रिडच. आमच्यात प्लॅनेटरी वगैरे नाही. शहरात इंजिन मुख्यतः जनरेटर फिरवतं आणि चाकं मोटर ओढते, हायवेच्या वेगाला क्लच लागून इंजिन थेट चाकांना जोडलं जातं. स्टिअरिंगमागे दोन पाकळ्या आहेत, त्यांनी पाय सोडल्यावरची ओढ कमी-जास्त करता येते. कमीत ठेवली की सुई धरायची कसरत बरीच कमी होते. म्हणजे चाकणवाल्यांचा अंगठा आमच्याकडे बोटात आहे.

सावकाश, मला मुळात एक विचारायचं आहे, कुणीच विचारलं नाही. काका गाडी कुठे नेतात? आणि तुम्ही?

सावकाश | ७ मे, सकाळी ७:३०

काका रोज तळेगावला कारखान्यात. जाऊन-येऊन साठेक किमी, सकाळी सहाला निघतात. मी घरून काम करतो. सकाळी मुलाला शाळेत सोडणं साडेतीन किमी, दुपारी आणणं, संध्याकाळी त्याचं पोहणं, मधे एखादं दूध-भाजी.

रातकिडा | ७ मे, सकाळी ७:५२

झालं की मग! थंड गाडी सुरू केली की बॅटरी भरलेली असली तरी इंजिन चालू होतं, स्वतःला आणि सायलेन्सरमधल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला गरम करायला. तुमच्या साडेतीन किमीतला मोठा भाग त्यातच जातो. गरम झालं की तुम्ही शाळेपाशी. तीन तासांनी परत थंड. काकांना हा खर्च साठ किमीत दोनदा, तुम्हाला तेवढ्याशा छोट्या फेऱ्यांत चारदा. त्यात आत्ता मे महिना, उन्हात तापलेली गाडी, एसी पूर्ण. एसी बॅटरीवर चालतो म्हणून फुकट वाटतो, पण ती बॅटरी इंजिनच भरतं. सावलीत लावा, पहिलं मिनिटभर काचा खाली करून गरम हवा बाहेर जाऊ द्या.

आणि काका २५ कुठून सांगतात? पडद्यावरून की पंपाच्या पावतीवरून?

चाकणवाला | ७ मे, सकाळी ९:००

रातकिड्यांनी मला लाज आणली. दोन दिवस ग्रह आणि तांबे काढत बसलो, आणि हा पहिला प्रश्न विचारायला हवा होता. टायरमधली हवा तेवढी माझ्याकडून जोडा. सकाळी थंड टायरवर, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे. हवा कमी असेल तर कुठलंच वाहणं फार लांब जात नाही.

मधुमालती | ७ मे, सकाळी ९:२५

साडेतीन किमीला सायकल. मुलगा पोहतो म्हणजे पेडलही मारेल.

सावकाश | २४ मे, रात्री ९:४८

अहवाल देतो.

काकांचे २५ पडद्यावरचे होते. त्यांना फुल ते फुल पावतीवर मोजायला लावलं, २३.४ आले. लिफ्टमध्ये आता हवामानावर बोलतात.

माझे २१ चे २२.१ झाले. दूध-भाजी पायी, शाळेच्या फेरीतच बँक-किराणा उरकतो, म्हणजे गाडी एकदाच गरम होते. हवा चार पाउंड कमी निघाली. सुई मधे धरायला जमायला लागलंय, बाणेर रोडपेक्षा पाषाणच्या बाजूने जास्त, आणि तेही बायको शेजारी नसताना. ती म्हणते अंगठा असा हलवतोस की नखुरडं झाल्यासारखं वाटतं. सायकलचा विषय घरात निघाला होता, मुलगा मॅडमवर नाराज आहे.

कालच परत पसरणी उतरलो. मांडवीकाठांचं ऐकून पाचगणीच्या बाजारातून ईव्हीवर रांगलो, दोन खण उरले. हॅरिसन फॉली पॉइंटनंतर B. इंजिन ओरडलं, पण या वेळी वाई खाली दिसायला लागल्यावर. पट्टी खरंच टोकाला होती, आणि खाली उतरून चाकाजवळ हात नेला तर डिस्क जेमतेम कोमट. सासरे मागे डोळे मिटून बसले होते. वाईला गणपतीच्या घाटाशी थांबलो तेव्हा उठून म्हणाले, "आज छान उतरवलीस. न्यूट्रल टाकलं होतंस ना?"

हो म्हणालो.

पद्मिनीवाले | २४ मे, रात्री ९:५५

योग्य केलंत.

नवा_सदस्य_४१ | २५ मे, सकाळी ६:१०

छान माहिती. माझी सीएनजी वॅगनआर आहे, तिच्यात B कुठे असतं?